बिननावाच्या चिठ्ठ्या

आमचे साहेब चहा पीत नसत, पण सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत त्यांच्या हातात चहाचा कप असायचा. रिकामा. नोकरीला लागले त्या आठवड्यात मला वाटलं, या माणसाला कुणी चहा देत नाही बहुतेक. म्हणून एकदा थर्मासमधला चहा ओतायला गेले, तर त्यांनी दचकून कप मागे घेतला.

"अहो, ओतू नका! हा पिण्याचा नाही, फिरण्याचा आहे."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. हातात फाईल घेऊन कुठे उभं राहिलं की लोक गप्प होतात. मोकळ्या हातांनी उभं राहिलं तर विचारतात, काय पाहिजे? पण हातात कप असला की माणूस कुठेही अर्धा तास उभा राहू शकतो, कुणाला काही वाटत नाही. "आणि आपलं काम," ते म्हणाले, "उभं राहण्याचंच आहे."

मला कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहायला नोकरीवर घेतलं होतं. त्यामुळे हे ऐकून मी जरा घाबरले.

ही गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनवणारा एक कारखाना होता. प्लास्टिकचा दाणा वितळवायचा, साच्यात दाबायचा, झाकण बाहेर. आठ मशीनं, तीन पाळ्या. मी किन्हवलीची. कल्याणला जाऊन कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, आणि घराजवळ म्हणजे एका एसटीच्या अंतरावर अशी नोकरी मिळाल्यामुळे घरात आनंद होता. फक्त मी तिथे नेमकं काय करते ते बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही.

"झाकनं करतेस?"

"नाही बाबा. कामावर लोक एकमेकांशी बोलतात ना, एकमेकांना विचारतात, त्याच्यासाठी आम्ही प्रोग्राम करतोय."

"बोलायला मिशीन कशाला गो? तोंड हाय ना?"

मी हे हसत हसत साहेबांना सांगितलं. ते हसले नाहीत. खिशातून डायरी काढून त्यांनी बाबांचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर विचारलंय त्यांनी. हे आपण रोज सकाळी स्वतःला विचारायचं."

साहेब तेव्हा पन्नाशीचे असतील. मुंबईत एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर बरीच वर्षं काढली होती, मग काहीतरी बिनसलं आणि ते मुरबाडला येऊन एका खोलीत राहायला लागले. काय बिनसलं ते त्यांनी सांगितलं नाही. सगळ्यांना 'अहो-जाहो' करायचे. मला, झाडूवाल्याला, मशीनवरच्या विशीतल्या पोरांना. गेटवर एक पिवळा कुत्रा असायचा, त्यालाही "अहो, जरा सरका" म्हणायचे. कुत्रा सरकायचा.

मालकांनी त्यांना आणलं होतं ते उत्पादनाचे अहवाल कॉम्प्युटरवर घ्यायला. ते काम त्यांनी चार महिन्यांत उरकलं आणि मालकांना जाऊन सांगितलं की अहवालांतून काय झालं ते कळतं, कसं निभावलं ते कळत नाही. आठ मशीनं चालतात ती कागदावरच्या सूचनांमुळे नव्हे, तर कुणीतरी कुणाला तरी जाता जाता सांगितल्यामुळे. पण सकाळच्या पाळीला जे कळलेलं असतं ते रात्रपाळीला कळत नाही, कारण ती माणसं एकमेकांना धड भेटतच नाहीत. तेवढ्यासाठी काहीतरी करून बघू द्या. मालक हौशी होते. हो म्हणाले, आणि मदतीला मला दिलं.

साहेबांनी पहिलं काय केलं असेल, तर सुताराला बोलावून स्वतःच्या केबिनचं दार बिजागऱ्यांवरून काढलं. ते दार चार पायांवर ठोकून त्याचं टेबल केलं आणि टेबल नेऊन ठेवलं स्टोअर आणि पाण्याच्या कूलरच्या मधल्या बोळात. आम्ही दोघं तिथे बसायचो. येणारा-जाणारा आमच्या कॉम्प्युटरला कोपर लावून जायचा. तक्रार केली की म्हणायचे, "कोपर लागतंय ना? मग जागा बरोबर आहे."

तीन आठवडे ते कप घेऊन मशीनांमध्ये उभे राहिले. कोण कुणाकडे जातं, काय विचारतं, डायरीत नोंद. कामगारांनी आपापसात ठरवून टाकलं की हा वरून पाठवलेला गुप्तहेर आहे. शेवटी हौसाबाईंनी त्यांना गाठलं. हौसाबाई पॅकिंगला होत्या. कारखाना सुरू झाला तेव्हापासूनच्या, सरळगावच्या.

"सायेब, रोज उभं राहता. पाय नाय दुखत? का आमच्यावर नजर ठेवायला धाडलाय?"

"नजर ठेवतोय खरा," साहेब म्हणाले. "पण तुम्ही काय चुकता ते बघायला नाही. अडलं की तुम्ही कुणाला विचारता, ते बघायला."

"मंग तेवढा मलाच इचारायचा ना. सांगितला असता."

साहेब थक्क झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना दाराच्या टेबलाशी बसवलं, आणि तीन आठवड्यांत त्यांनी जे जमवलं होतं ते बाईंनी अर्ध्या तासात सांगितलं. वर त्यांच्या दोन चुकाही दुरुस्त केल्या. ही फजिती साहेब नंतर भेटेल त्याला कौतुकाने सांगत.

त्यावरून त्यांनी एक मोठा कागद केला. प्रत्येक माणसाचा एक गोल, आणि जो ज्याला विचारतो त्याच्याकडे एक रेघ. मधोमध सगळ्यांत मोठा गोल हौसाबाईंचा. कुठला साचा कुठल्या मशीनवर रुसतो, हे फिटरसुद्धा त्यांनाच विचारत, कारण खराब झाकणं शेवटी त्यांच्याच हाताखालून जात. कागद भिंतीवर लागला. फॅक्टरी मॅनेजर बघायला आले. मॅनेजर म्हणजे इस्त्रीचा माणूस. बोलणं, शर्ट, सही, सगळं कडक.

"हा कोपऱ्यात ठिपका आहे तो कोण?"

"आपण," साहेब म्हणाले.

मॅनेजरांनी तो कागद उतरवायला लावला. साहेबांनी उतरवला आणि टेबलाखाली चिकटवला.

मग आम्ही प्रोग्राम केला. आता वाटतं तेवढा तो साहेबांच्या एकट्याच्या डोक्यातून आलेला नव्हता, माझाही हात होता, आणि पहिला तर साफ फसला. त्यात चौदा रकाने होते. विभाग, मशीन नंबर, विषय, तातडी, नाव, हुद्दा. मी खूप मेहनतीने केले होते. मशीनांपाशी एक, स्टोअरला एक, पॅकिंगला एक असे तीन जुने कॉम्प्युटर मांडले. महिनाभरात एकच नोंद आली. विषय या रकान्यात कुणीतरी लिहिलं होतं, 'जेवलास का'.

मला रडू आलं. साहेब मात्र त्या नोंदीकडे बघत बसले. "हेच," ते म्हणाले. "बाकीचे तेरा काढून टाका."

काढले. उरली एक मोकळी चौकट. काहीही लिहा. नाव विचारायचं नाही, वेळ दाखवायची नाही. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी, शुद्धलेखनाची कटकट नाही. चिठ्ठी तीन दिवसांनी आपोआप पुसली जाणार. पण ती कुणाला उपयोगी वाटली तर त्याने एक बटण दाबायचं, म्हणजे ती आणखी तीन दिवस राहील. ही बटणाची कल्पना साहेबांची, आणि मला अजूनही ती फार सुंदर वाटते. काय ठेवायचं ते साहेब, मॅनेजर, मालक कुणी ठरवणार नाही, ज्याला गरज आहे तो ठरवणार.

साहेबांनी तिन्ही पाळ्यांना स्वतः जाऊन सांगितलं, "कोण लिहितं ते आम्हाला कळणार नाही. तुम्ही फक्त लिहा."

पहिली चिठ्ठी आली: 'मोठा पाना ज्यानी नेला त्यानी मुकाट आणून ठेवा.' संध्याकाळी पाना जागेवर. मग धारच लागली. 'चार नंबरची सकाळची पहिली दहा झाकनं फेका, मंग बरी येतात.' 'नवीन दाना ओला हाय, आधी सुकवा.' 'आवनीला चार दिवस पायजे, पाळी कोन बदलील?' त्याच्याखाली, 'मी बदलतो, पन गणपतीला तू यायचा.' भातलावणीच्या दिवसांत दरवर्षी निम्मा कारखाना न सांगता गायब व्हायचा. त्या वर्षी लोकांनी आपसांतच सगळं जुळवलं आणि एकही मशीन बंद पडलं नाही. ही आवणीची चिठ्ठी नऊ वेळा बटण दाबून ठेवली गेली. साहेब तिच्यासमोर उभे राहून एखाद्या नातवाकडे बघावं तसे बघायचे.

आता माझी गोष्ट सांगायला हवी.

मी त्या प्रोग्राममध्ये एक गुपचूप फाईल ठेवली होती. कुठली चिठ्ठी कुठल्या कॉम्प्युटरवरून, कुठल्या दिवशी, किती वाजता आली, सगळं तिच्यात उतरत होतं. प्रोग्राम अडकला तर कुठे अडकला ते कळावं, म्हणून सुरुवातीला ठेवली. हे खरं आहे. नंतर काढली नाही, हेही खरं आहे. आणि अधूनमधून मी ती उघडून वाचायची. वेळ कळली की पाळी कळते, पाळी कळली की मशीन कळतं, आणि मशीनवरचा माणूस तर मला माहीतच असायचा.

दिवाळीनंतर एक चिठ्ठी आली: 'तीन नंबरच्या साच्यात बारीक आवाज येतो. झाकन अडकला म्हनून मी लोखंडी सळईनी काढला. चुकला. बघून चालवा.' पुढच्या पाळीने मशीन थांबवलं, साचा उघडला. आत केसाएवढी चीर. तसंच चालवलं असतं तर साचा फुटला असता, आणि तो साचा परदेशातून आलेला होता. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मॅनेजरांनी टाकला नाही. साच्यात सळई घालायला सक्त बंदी होती. त्यांना माणूस हवा होता.

साहेबांनी सांगितलं, "नोंद नाही." त्यांच्या समजुतीप्रमाणे ते खरंच बोलत होते.

मॅनेजरांनी मग मला एकटीला बोलावलं. "प्रोग्राम तुम्ही लिहिलाय. काहीतरी असेलच की कुठेतरी."

मी "नाही" म्हणायला हवं होतं, किंवा "आहे, पण देणार नाही." मी म्हणाले, "बघते."

त्या संध्याकाळी ओव्हरटाइम करून सुटलेला काशिनाथ एसटीत शेजारी येऊन बसला. डोळखांबकडच्या एका पाड्यावरचा, तीन नंबरवर टेंपररी होता. किन्हवलीला उतरून त्याला पुढे दुसरी गाडी पकडावी लागे. सरळगाव गेलं आणि तो आपणहून बोलायला लागला.

"ताई, या टायमाला पर्मनंटच्या लिस्टीत माझा नाव हाय. आईनं आख्ख्या पाड्याला सांगून ठेवलाय. आता नाय झाला तर घरी जायची लाज वाटंल."

"होईल की," मी म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले. तीन नंबरची चिठ्ठी त्याचीच होती. त्याला माहीत नव्हतं की मला माहीत आहे.

सकाळी साहेब यायच्या आधीच मी टेबलाशी जाऊन बसले होते. ते आले, आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं. फाईल, मॅनेजर, माझं 'बघते', सगळं. ते ऐकत राहिले. नंतर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तुम्ही ती वाचत होता?"

"हो."

"हं," ते म्हणाले. "मलाही वाचावीशी वाटली असती."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मला वाटलं, आता म्हणतील, पुसून टाका आणि विषय संपवा. मी तयारच होते. पण ते म्हणाले, "नुसती पुसली तर आपण दोनदा फसवल्यासारखं होईल. आधी सांगू."

तीन वाजता पाळी बदलते, तेव्हा जाणारे आणि येणारे दोघंही असतात. साहेबांनी सगळ्यांना मशीनांपाशी जमवलं. ते म्हणाले, "आम्ही सांगितलं होतं की कोण लिहितं ते कळणार नाही. ते खोटं निघालं. एक फाईल होती. आमच्याकडून चूक झाली." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. 'आमच्याकडून' म्हणून ते थांबले; मी गप्प बसले असते तर तिथेच संपलं असतं. मीच म्हणाले, "मी ठेवली होती."

कुणी ओरडलं नाही. हौसाबाईंनी फक्त विचारलं, "कशाला गो?"

मी फाईल पडद्यावर उघडली.

"हौसाबाई, तुम्ही पुसा," साहेब म्हणाले. बाईंनी पदराला बोट पुसलं, मी दाखवलं ते बटण दाबलं, आणि पाच महिन्यांच्या नोंदी गेल्या. गर्दीत मागे काशिनाथ उभा होता. तो माझ्याकडे बघत होता, आणि आदल्या दिवशी मी खिडकीबाहेर का बघत होते ते त्याला आता कळलं असणार.

मॅनेजरांनी साहेबांना बोलावून घेतलं. परत आले तेव्हा म्हणाले, "मार्चनंतर आपली दोघांची गरज नाही असं ठरलंय. म्हणजे चार महिने आहेत. पुष्कळ झाले."

पण पुष्कळ कुठले? चौकट रिकामी पडली. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी नाही. तिसऱ्या दिवशी जुन्याही पुसल्या गेल्या, कारण बटण दाबायला कुणी आलं नाही. मी रोज सकाळी आल्या आल्या बघायची. नुसता काळा पडदा. मशीनवर पोरं मला बघून बोलणं बदलायची. भाताचं काय, झोडणी झाली का, असं. पाना पुन्हा हरवायला लागला. एकदा मी साहेबांना म्हणाले, आपणच दोन-चार चिठ्ठ्या टाकूया का, म्हणजे सुरुवात होईल? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी दुपारी पॅकिंगमधून हाक आली, "ताई, हितं या गो लवकर!"

पडद्यावर एक चिठ्ठी होती. आणि तिच्याखाली नाव होतं. आमच्या प्रोग्रामने कधीच न मागितलेलं नाव.

'तीन नंबरचा मी लिवला होता. आता सहा नंबरचा पन तसाच आवाज येतो. या वेळी सळई नाय घातली. बघा. काशिनाथ.'

माझ्या मागे माणसं जमली. कुणीतरी मॅनेजरांना सांगितलं असावं, कारण तेही आले. त्यांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. काशिनाथ सहा नंबरपाशी हात पुसत उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आता जे होईल ते होवो असं स्पष्ट दिसत होतं. मॅनेजर त्याच्याजवळ गेले, इस्त्रीच्या शर्टात मशीनवर वाकले आणि कान लावून ऐकू लागले. बराच वेळ ऐकलं.

"येतोय खरा," ते म्हणाले. मग फिटरला म्हणाले, "उघडा."

तीन नंबरचं नाव कुणी काढलं नाही. त्यांनीही नाही. यादी लागली तेव्हा काशिनाथचं नाव तिच्यात होतं. का राहू दिलं, हे मॅनेजरांना विचारायची माझी हिंमत झाली नाही. आणि चिठ्ठ्या पुन्हा सुरू झाल्या, आधी दबकत, मग नेहमीसारख्या. निम्म्या लोकांनी खाली नावं घालायला सुरुवात केली, निम्म्यांनी नाही. साहेबांनी दोन्ही चालू दिलं.

मार्च अखेरीस साहेब गेले. त्यांना निरोपसमारंभ नको होता, पण हौसाबाईंनी डबाभर तांदळाच्या बोरा, म्हणजे गूळ घालून तळलेल्या गोळ्या, आणल्या होत्या, त्या साहेबांनी बोळातच उभ्या उभ्या खाल्ल्या आणि उरलेल्या 'अहो' कुत्र्याला दिल्या. पुढे कुणी म्हणे ते शहापूरला कंडक्टर लोकांच्या ड्युट्यांसाठी काहीतरी करतायत, कुणी म्हणे वाशिंदला शिकवतात. खात्रीचं काही कळलं नाही. आमचा प्रोग्राम मात्र पुढे पाच-सहा वर्षं चालला, मुंबईहून पासवर्डवाला मोठा प्रोग्राम येईपर्यंत.

जाण्याआधी मी त्यांच्याकडे अनुभवाचा दाखला मागितला होता. त्यांनी हाताने लिहून दिला: 'यांनी माझ्याबरोबर दीड वर्ष काम केलं. प्रोग्राम चांगला लिहितात. एक मोठी चूक केली आणि ती कुणी पकडण्याच्या आधी स्वतः येऊन सांगितली. म्हणून यांना जरूर घ्यावे.'

बाबांनी वाचून विचारलं, "ह्यो दाखला हाय का तक्रार?"

पहिल्या दोन मुलाखतींना मी तो फाईलमधून काढलाच नाही. तिसरी ठाण्याला होती. कार्यालयांसाठी प्रोग्राम करणारी एक छोटी कंपनी, समोर चष्मा लावलेल्या एक बाई. माझी प्रमाणपत्रं चाळता चाळता त्यांच्या हाताला तो कागद लागला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"चूक काय केली होती?"

मी सांगितली. काही वगळलं नाही. फाईल, काशिनाथ, हौसाबाईंचं 'कशाला गो', आणि ते अकरा दिवस. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "मॅनेजरांनी मागितली, आणि तुम्ही साहेबांना सांगितलं, त्यात किती वेळ गेला?"

"एक रात्र."

"झोप लागली होती?"

"नाही."

त्यांनी दाखल्याची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "सोमवारी या."